वडिलांचा दावा आणि तुमची सनद

पत्राचा सारांश : सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३३. बारावी कला शाखेतून, लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बीए, ५१ टक्के. घरी कोरडवाहू कापसाचं पाच एकर वावर, नवरा, सासूबाई, सातवीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा त्या शाळेत होत्या तेव्हापासून कोर्टात आहे. वडिलांना आता कमी दिसतं, म्हणून कागदांची पिशवी घेऊन तारखेला त्याच जातात. "वकीलसाहेब पुढची तारीख सांगतात आणि निघून जातात. आज काय झालं, हे आम्हाला कुणीच सांगत नाही. मीच वकील होऊन बाबांची केस लढवणार," असं त्यांनी मनाशी धरलं आहे. सासूबाई म्हणतात, "आते काय शिकानं वय शे का तुनं?" नवरा म्हणतो, "कर ना, मी कुठं नाही म्हणतो." नंदोई म्हणतात, करायचं तर पुण्याला जा, इथल्या डिग्रीला कोण विचारतं. ओळखीतला एक जण एकरकमी पैसे घेऊन परराज्यातल्या कॉलेजातून, हजेरी न लावता पदवी मिळवून द्यायला तयार आहे. इंग्रजी कच्चं आहे. अर्ज भरावा का, कुठे भरावा, की हा नाद सोडून द्यावा, असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत : वडिलांचा दावा आणि तुमची वकिली. त्या सुट्या केल्या की तुमचे निम्मे प्रश्न आपोआप मोकळे होतील असं मला वाटतं. म्हणून आधी दाव्याबद्दल बोलू, कारण तो थांबायला तयार नाही.

तुम्ही या हंगामात कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा अर्ज भरला, परीक्षा पास झालात, प्रवेश मिळाला, सहा सेमिस्टर एकही विषय न राहता सुटली, निकाल लागला आणि वकिलांची नोंदणी करणाऱ्या बार कौन्सिलकडे नोंदणी होऊन सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हाती आली, तर या सगळ्याला चार वर्षं धरून चाला. तोवर दावा जिथे जायचा तिथे गेलेला असेल. पण अडचण नुसती वेळेची नाही. ज्या प्रकरणात वकिलाचा स्वतःचा पैशाचा हितसंबंध आहे, त्यात त्यानं वकील म्हणून उभं राहू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेतला नियम आहे. आणि ही जमीन तर तुमचीही आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क दिला, आणि २००५ साली वडील हयात असोत-नसोत तो हक्क राहतोच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे ज्या दाव्यासाठी तुम्हाला काळा कोट घालायचाय, नेमका त्याच दाव्यात तो घालून उभं राहणं तुम्हाला जमणार नाही. पक्षकार म्हणून स्वतःची बाजू मांडता येते, पण त्याला सनद लागत नाही.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. पण प्रवेश घेऊन दोन वर्षं घासल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. आणि त्याच ओघात आणखी एक : माहेरी कुणी हक्कसोड पत्रावर सही मागत असेल, तर ते पूर्ण वाचून, समजून घेतल्याशिवाय सही करू नका. प्रेमानं सोडायचा हक्कसुद्धा माहीत असूनच सोडावा.

वडिलांसाठी जे करायचं ते पदवीविना, याच महिन्यात करता येतं. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकीलसाहेबांकडून किंवा कोर्टातल्या कारकुनाकडून लिहून घ्या. मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये तो टाकला की मागच्या तारखांना काय घडलं आणि पुढची तारीख कशासाठी आहे ते दिसतं. मग नक्कल विभागात अर्ज करून दाव्याची, समोरच्यांच्या कैफियतीची (त्यांच्या लेखी उत्तराची) आणि रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला काय झालं त्या नोंदीची) नक्कल काढा. ती घरी बसून सावकाश वाचा. कोर्टानं वादाचे मुद्दे ठरवले आहेत का, पुरावा कुणाचा चालू आहे, कुणाच्या मुदत अर्जांमुळे तारखा पडतात, हे तुम्हाला स्वतःला समजेल. त्यानंतर वकीलसाहेबांना तारखेच्या गर्दीत गाठू नका, संध्याकाळी ऑफिसात वेळ मागून जा आणि लिहून नेलेले चार प्रश्न विचारा. माझा अनुभव असा की पक्षकार कागद वाचून आला की वकीलही खुर्चीत नीट बसून बोलतो. तरीही उत्तर मिळालं नाही, तर वकील बदलण्याचा हक्क तुमच्या वडिलांना आहे.

भाऊबंदकीतल्या वाटणीबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते. कोर्टानं हुकूमनामा, म्हणजे वाटणीचा अंतिम आदेश, दिला म्हणजे लगेच बांध पडत नाही. शेतजमिनीचे प्रत्यक्ष हिस्से पाडण्याचं काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, मोजणी होते, आणि त्यातही काळ जातो. म्हणून काका-पुतण्यांमध्ये बोलण्याइतपत वाट उरली असेल, तर लोकअदालतीचा विचार करा. तिथे झालेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तुम्हाला स्वतःला सल्ला हवा असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सहाय्य मागता येतं. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते.

आता दुसरा धागा. दावा बाजूला काढला, तर वकील व्हायचं कारण शिल्लक राहतं का?

तुमच्या पत्रातली एक ओळ मी जपून ठेवली आहे. तारखेला बाकावर बसलेल्या दुसऱ्या एका बाईंना समन्स वाचता येत नव्हतं, ते तुम्ही वाचून दाखवलंत, आणि त्या पुढच्या तारखेलाही तुम्हाला शोधत आल्या. हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला ते सगळ्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं. बाबांची केस जिंकायची ही इच्छा एका निकालाबरोबर संपेल. जिंकली तरी संपेल, हरली तरी संपेल. समोर बसलेल्या माणसाला त्याचाच कागद समजावून सांगावासा वाटणं मात्र तीस वर्षं पुरतं. वकिलीत रोजचं काम बहुतेक तेच आहे.

ते रोजचं काम कसं असतं, हे सांगायला हवं, कारण बाकावर बसून दिसतं ते फार थोडं. सनद मिळाल्यावर तुम्ही कुणातरी सीनियरकडे जाल. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, बघायचा, कुठल्या कोर्टात कितवा नंबर ते टिपायचं, पुकारा झाला की धावत जाऊन "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, थोड्या वेळानं ठेवावं" अशी विनंती करायची. नकलांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, दस्तऐवजांच्या याद्या, कोर्टाच्या नोटिसा पोचवणाऱ्या बेलिफाच्या मागे लागून समन्स बजावून घेणं. पहिली दोन-तीन वर्षं पैसे जेमतेम भाड्यापुरते सुटतात. घराला लगेच हातभार लागेल असं कुणी सांगितलं असेल, तर ते डोक्यातून काढा. मी जळगावच्या कोर्टात वकिली करते, आणि ज्यांना घाई होती अशा हुशार मुली पहिल्याच वर्षी सोडून गेलेल्या पाहिल्या आहेत.

त्याच कोर्टातला एक प्रसंग सांगते. जमिनीच्या ताब्याचा वाद होता, साक्षीला एक म्हातारी आली होती. बाहेरून आलेल्या वकिलांनी विचारलं, "वादमिळकतीवर तुमचा प्रत्यक्ष कब्जा केव्हापासून आहे?" म्हातारी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं, ती न्यायाधीशांकडे बघत राहिली. आमच्याकडची एक तरुण वकील उठली, परवानगी घेतली आणि म्हणाली, "वावर कोन पेरस वं माय?" म्हातारीनं कुठल्या साली काय पेरलं, नांगरटीला बैल कुणाचे आणले आणि कुठल्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, सगळं सांगून टाकलं. ताब्याचा पुरावा यापेक्षा वेगळा काय असतो? ही मुलगी इथल्याच कॉलेजात शिकलेली.

म्हणून नंदोईंचं म्हणणं मला अर्धंच पटतं. पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांत वाचनालयं मोठी, वर्गमित्र चुरशीचे, मोठ्या फर्मची दारं जवळ. ज्याला कंपन्यांच्या करारांचं काम करायचंय किंवा उच्च न्यायालयातच उभं राहायचंय, त्यानं तिथे जरूर जावं. तुम्हाला तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात काम करायचंय. त्या कामात तुमचा सीनियर, इथली वकील मंडळी आणि इथली माणसं जास्त मोलाची, आणि ती ओळख शिकत असतानाच व्हायला लागते. उज्ज्वल निकम जळगावच्या मणियार विधी महाविद्यालयातून शिकले. प्रतिभाताई पाटील कायदा मुंबईत शिकल्या, पण वकिली जळगावच्या कोर्टात केली आणि तिथूनच १९६२ मध्ये आमदार झाल्या. वाटा दोन्हीकडून येतात. तुमची मुलगी तिसरीत आहे. तिला सोडून पुण्यात खोली करून राहण्याइतकं तिथे तुमच्यासाठी काय ठेवलंय, हा प्रश्न नंदोईंना नव्हे, स्वतःला विचारा. माझं मत विचाराल तर रेल्वेनं जळगाव किंवा एसटीनं धुळं, जे रोज तीन वर्षं खरोखर झेपेल ते.

परराज्यातल्या पदवीचा विषय मी इथेच बंद करते. घेऊ नका. कायद्याचं शिक्षण पत्राद्वारे किंवा दूरस्थ पद्धतीनं घेतलेलं वकिलीला चालत नाही. बार कौन्सिलच्या नियमात ७० टक्के हजेरी आहे, आणि नोंदणीच्या वेळी पदवीची पडताळणी होते. एकरकमी भरलेले पैसे बुडतील ते वेगळंच. पण ज्या बाईला कोर्टात खरं-खोटं मांडायचंय, तिच्या सनदेखाली खोटी हजेरी असावी हे मला सहन होत नाही. तुम्हालाही होणार नाही.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीची धास्ती अनेक वाचक कळवतात, त्यांच्यासाठीही लिहिते. बारावी होऊन मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर तीन वर्षांच्या एलएलबीला ती चालते. बारावी न करता, थेट पूर्वतयारी अभ्यासक्रमावरून पदवीला बसलेल्यांना मात्र बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांमुळे अडचण येते. तुमची बारावी झालेली आहे, तेव्हा तुम्ही पात्र आहात. खुल्या गटाला ४५, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. तुमचे ५१ आहेत. वयाची अट नाही. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. त्यांचा प्रश्न वयाचा असेल असं मला वाटत नाही, तुम्ही सकाळच्या गाडीनं गेल्यावर घरात कोण, हा असेल. तो प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर द्यावं लागेल.

ते उत्तर नवऱ्याबरोबर बसून काढा. "कर ना, मी कुठं नाही म्हणतो" हे ऐकायला बरं वाटतं, पण त्यानं मुलीची वेणी घातली जात नाही आणि डबाही भरला जात नाही. त्यांच्याकडे परवानगी मागू नका, तास मागा. सोमवार ते शनिवार सकाळी घर कोण बघणार, सेमिस्टरच्या परीक्षेच्या पंधरवड्यात गाय-वासरू कोण बघणार, मुलगी आजारी पडली तर कोण थांबणार. आणि कापसाची वेचणी. दिवाळीपासून पुढे तुम्ही स्वतः वेचणीला असता, तुमच्या जागी मजूर लावायचे तर किलोमागे मजुरी द्यावी लागेल. फीपेक्षा हा खर्च मोठा निघेल. वहीवर आकडा मांडा. तो आकडा बघून दोघांचं "हो" कायम राहिलं, तर ते खरं "हो".

फीबाबत एक दिलासा आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत धरून चालू नका, आणि महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज कधी, कसा भरायचा हे प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारा.

सीईटीचा अर्ज साधारण थंडीत, ऐन वेचणीत निघतो, म्हणून गावाकडे पुष्कळांचा राहून जातो. परीक्षा उन्हाळ्याच्या आगेमागे असते. ती संगणकावर द्यायची, प्रश्न मराठीतही असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कायद्याचा कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी असे भाग येतात. अभ्यासासाठी कुणाची जुनी गाइडं मिळाली तर फौजदारी कायद्याचा भाग जपून वाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, कलमांचे क्रमांक बदललेत.

आणि एक धोक्याची जागा : सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं होत नाही. निकालानंतर केंद्रीय प्रवेशासाठी वेगळी नोंदणी करायची, कागद अपलोड करायचे, कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा, आणि जागा मिळाली की दिलेल्या मुदतीत कॉलेजात हजर व्हायचं. चांगले गुण मिळवूनही ही दुसरी नोंदणी चुकवलेली मुलं दरवर्षी रडत येतात. पसंतीक्रमात खरोखर जाता येईल तीच कॉलेजं घाला. सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर अर्जात देऊ नका, स्वतःचा द्या, नाहीतर ओटीपी आणि सगळे निरोप त्याच्याकडे जातील.

इंग्रजीचं काय? तालुका आणि जिल्हा न्यायालयांचं काम मराठीत चालतं. दावे, कैफियती, साक्षी मराठीत होतात. आपल्याकडची उच्च न्यायालयातली अपिलं मात्र त्याच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातात आणि तिथलं सगळं इंग्रजीत. वरच्या कोर्टांचे निकाल वाचल्याशिवाय चांगली वकिली होत नाही. तेव्हा इंग्रजी बोलण्याची भीती सोडून द्या, वाचण्याची तयारी आजपासून करा. रोज एक पान निकालाचं, शब्दकोश घेऊन. उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते का, हे कॉलेजच्या कार्यालयात चौकशीलाच विचारून घ्या.

अजूनही मन डळमळत असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. त्यांना पॅरा लीगल स्वयंसेवक म्हणतात. लोकांचे अर्ज लिहून देणं, योग्य कार्यालयाची वाट दाखवणं, शिबिरात मदत करणं असं ते काम असतं. बाकावर तुम्ही त्या बाईंसाठी केलंत तेच, जरा शिकून. सहा महिने करून बघा. आवडलं तर तुमचा निर्णय झालाच, आणि नाही आवडलं तरी वडिलांच्या दाव्यात तो अनुभव कामाला येईल.

माझं उत्तर विचाराल, तर अर्ज भरा. बाबांची केस हे कारण खोडून भरा.

सुरुवात कागदांपासून करा, कारण विवाहित बाईंचा प्रवेश तिथेच अडतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावानं, बीए बहुधा सासरच्या नावानं, आधार आणखी तिसऱ्या पद्धतीनं लिहिलेलं असतं. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, आणि नावबदलाचं राजपत्र नसेल तर त्याचा अर्ज आत्ताच टाका. राखीव जागेसाठी लागणारा जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र माहेरच्या कागदांवरूनच निघतं, तेव्हा वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि घरातल्या कुणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत पुढच्या तारखेला जाताना मागून आणा. वैधतेला महिने लागतात. नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून ते प्रवेशाच्या वेळी चालू असेल असं बघा. मधल्या शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र कॉलेज मागेल, तेही सेतू कार्यालयाच्या त्याच फेरीत होऊन जाईल.